सेपरेशन अ‍ॅग्रीमेंटवर सही करण्यापूर्वी

नोकरीवरून कमी करताना कंपनी जो करार पुढे ठेवते, त्यात मिळणाऱ्या रकमेचा आकडा पहिल्याच पानावर ठळक असतो. त्या आकड्याच्या बदल्यात आपण काय सोडून देत आहोत, हे मात्र चार पाने उलटल्यावर कळते. यंदा जानेवारीत हिंजवडीतील माझी नोकरी गेली तेव्हा तो करार मी वकीलबाईंसोबत बसून ओळ न् ओळ वाचला. तेव्हापासून याच प्रसंगात सापडलेल्या प्रत्येकाला मी एक गोष्ट आवर्जून सांगते : जे कायद्यानेच आपले आहे आणि जे केवळ सहीच्या बदल्यात मिळणार आहे, ते दोन वेगळ्या कागदांवर लिहून काढा.

माझ्या करारात ‘पाच महिन्यांचा पगार’ असे म्हटले होते. तपशिलात शिरल्यावर दिसले की त्यात नोटिशीच्या काळाचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी हे सारे धरलेले होते. ग्रॅच्युइटी ही कंपनीची मेहेरबानी नव्हे. सलग पाच वर्षे सेवा झाली की दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन हा हक्क आहे आणि खासगी कराराने तो काढून घेता येत नाही. राहिलेल्या वेतनाचेही तसेच आहे. नव्या वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यापासून दोन कामकाजी दिवसांत ते चुकते करावे लागते. हे सगळे वजा केल्यावर माझ्या सहीची खरी किंमत जेमतेम सव्वा महिन्याचा पगार उरली, आणि पुढची सर्व बोलणी मी त्या सव्वा महिन्यावरच केली.

दुसरा प्रश्न राजीनाम्याचा. मीटिंग रूममध्ये एचआरच्या बाई अत्यंत सौम्यपणे म्हणाल्या, “मॅडम, राजीनामा दिलात तर पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये काही अडचण येणार नाही.” त्यांनी पाठवलेल्या लिंकवर राजीनाम्याचा फॉर्म उघडला, त्यात ‘वैयक्तिक कारण’ हा पर्याय आधीच निवडलेला होता आणि तो बदलण्याची सोय नव्हती. रिलीव्हिंग लेटर अडकेल या धास्तीने त्याच दुपारी अनेकांनी तो फॉर्म भरला. त्यांना दोष देण्याचे माझ्या मनातही येत नाही, कारण घराचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो आणि त्या खोलीत विचार करायला कुणी वेळ देत नाही. परंतु या एका फॉर्मने कायद्याच्या दृष्टीने सगळेच बदलते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन आणि शिवाय पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्यांना नवे कौशल्य शिकता यावे यासाठीच्या निधीतून) पंधरा दिवसांचे वेतन द्यावे लागते. स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याला यांतले काहीच लागू होत नाही, आणि ‘माझ्याकडून राजीनामा घेतला गेला’ हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्याच खांद्यावर येते.

अर्थात, हे संरक्षण कायद्याच्या व्याख्येतील कामगारालाच आहे, व्यवस्थापकाला नाही. आयटीत काम करणारे आपण स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला बिचकतो, पण न्यायालय व्हिजिटिंग कार्डावरचे पद पाहत नाही, प्रत्यक्ष काम पाहते. चेन्नईतील एका अभियंत्याला २०१५ साली एका मोठ्या आयटी कंपनीने काढले. तो व्यवस्थापकीय श्रेणीत होता, हे कंपनीचे म्हणणे अमान्य करून तेथील कामगार न्यायालयाने २०२२ साली त्याला सेवेत परत घेण्याचा आदेश दिला. या निकालाने मला धीर दिला आणि त्यातली सात वर्षे पाहून काळजीही वाटली. माझी स्थिती त्याच्याहून वेगळी होती. टीमच्या रजा आणि अप्रेझल माझ्या सहीने होत असत, त्यामुळे मला कामगार ठरवून घेणे कठीण होते. व्यवस्थापकाला दिवाणी न्यायालयात दाद मागता येते, परंतु खासगी नोकरीत न्यायालय सहसा पुन्हा कामावर घ्यायला लावत नाही. भरपाई बहुधा नोटिशीच्या पगाराइतकीच मिळते. वकीलबाईंनी हे स्पष्ट सांगितले आणि दावा न करण्याचा माझा निर्णय त्याच बैठकीत झाला.

उरलेल्या कलमांपैकी काही दिसतात तेवढी भक्कम नसतात. एक वर्ष स्पर्धक कंपनीत काम करायचे नाही, अशी अट माझ्या करारात होती. नोकरी संपल्यानंतरचे असे बंधन भारतीय करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही. वाद झाल्यास कंपनीने नेमलेल्या लवादापुढेच जायचे, असेही होते. कामगारांचे वाद अशा खासगी लवादाकडे नेता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ सालीच किंगफिशर एअरलाइन्सच्या प्रकरणात सांगितले आहे. दबावाखाली घेतलेली सही रद्द करून मागता येते हे खरे, पण पैसे स्वीकारून महिनोन् महिने गप्प बसलेल्या माणसाचे ते म्हणणे फार दुबळे होते. म्हणून हरकत असेल तर ती लगेच आणि लेखी नोंदवलेली बरी.

मी ईमेलने मोजक्याच मागण्या केल्या. राजीनामा देणार नाही, पद रद्द झाल्याचे पत्र द्यावे. ग्रॅच्युइटी करारातून काढून स्वतंत्र दाखवावी. सासऱ्यांचे डायलिसिस कंपनीच्या मेडिक्लेमवर चालू असल्याने पॉलिसीचे वर्ष संपेपर्यंत विमा चालू ठेवावा. आणि सरकारी अधिकाऱ्यापुढे तक्रार किंवा निवेदन करण्यास मनाई करणारे वाक्य गाळावे. रक्कम वाढवायला कंपनीने साफ नकार दिला, बाकीचे बहुतेक मान्य केले. विम्याचे मोल आमच्या घरात त्या सव्वा महिन्याहून कितीतरी मोठे होते, म्हणून मी सही केली.

माझ्या टीममधील एका डेव्हलपरने सही केली नाही. तो दिवसभर कोड लिहीत असे, त्याच्या हाताखाली कुणी नव्हते, बायकोचा पगार चालू होता आणि कपातीबाबत कायद्याने ठरवलेली भरपाई कंपनीच्या देकारापेक्षा बरीच जास्त होती. “ताई, मला भांडायचं नाही, हिशोब हवाय,” एवढेच तो म्हणाला आणि पुण्यातील कामगार आयुक्तालयात त्याने अर्ज दिला. पंचेचाळीस दिवसांत समेट झाला नाही तर त्याला थेट न्यायाधिकरणाकडे जाता येते, फक्त कपातीच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. त्याचा अर्ज सध्या समेट अधिकाऱ्यांपुढे आहे. त्याच्या रोजच्या कामाबद्दल माझे निवेदन लागले तर ते देण्यापासून माझा करार मला अडवू शकत नाही, कारण ते वाक्य मी सही करण्यापूर्वीच काढून घेतले होते.