बाप ब्रिंकमान, मुलगा नीमायर

जुन्या जर्मन कागदपत्रांची भाषांतरं करणं हे माझं पोटापाण्याचं काम. बहुतेक जन्माचे नि लग्नाचे दाखले; साचा ठरलेला, हात आपोआप चालतो. त्या दिवशी मात्र अडले.

जर्मनीच्या वेस्टफालिया भागातल्या एका चर्चची नोंदवही होती, अठराव्या शतकाच्या अखेरची. लग्नाच्या नोंदीत नवरा ब्रिंकमान, नवरी नीमायर. दोन वर्षांनी मुलाचा बाप्तिस्मा, आणि मुलगाही नीमायर! ज्या बाईंच्या पूर्वजांचं हे काम होतं, त्यांनी मेलमध्ये दबकतच विचारलं होतं, "मूल लग्नाबाहेरचं असेल का?" मीही तसंच धरून तळटीप लिहून मोकळी झाले होते.

पाठवण्याआधी सहज पान मोठं करून पाहिलं. बापाच्या आडनावापुढे एक 'जी' आणि नुसत्या नागमोडी रेघा, मग नीमायर. कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत 'ई' आणि 'एन' जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळे मी त्याला लेखणीचा फराटा समजले होते. ते होतं 'गेन.', म्हणजे 'गेनान्ट'. आपल्या भाषेत सरळ 'उर्फ'. इतकी वर्षं हे काम करून एवढंही दिसू नये!

आपल्याकडे सातबाऱ्यावर माणसाचं नाव चढतं. त्या भागात माणसावर शेतवाडीचं नाव चढायचं. वारस मुलगी असली की घरजावई तिच्या वाडीचं नाव घ्यायचा, पोरंही त्याच नावाने वाढायची. 'मायर' हा मूळचा जमीनदाराचा कारभारी, शब्द लॅटिन 'मायोर'वरून आलेला. आपल्या पाटील-कुलकर्ण्यांसारखं हुद्द्याचं आडनाव. 'नी' म्हणजे तिथल्या बोलीत नवा. आणि 'ब्रिंक' म्हणजे गावाच्या कडेची गवताळ जागा, जिथे थोडक्या जमिनीवाले घर बांधून राहत. एवढ्यावरून जावयाचं नशीब उघडलं असं म्हणायचा मोह झाला, पण तळटिपेत तसलं काही लिहायचं नसतं.

'मायर' लिहायच्या चार तऱ्हा त्याच वहीत सापडल्या. प्रशियात, म्हणजे वेस्टफालिया तेव्हा ज्या जर्मन राज्यात होतं तिथे, १ ऑक्टोबर १८७४ पासून जन्म-लग्नांची सरकारी नोंदणी सुरू झाली. तोवर पाद्री कानाला लागेल तसं लिहायचा. देवनागरीत चारही सारखेच दिसतात, पण माझं भाषांतर इंग्रजीत होतं, त्यामुळे प्रत्येक जागी जसंच्या तसं उतरवावं लागलं.

जुनी तळटीप खोडली, नवी लिहिली, बाईंना पाठवली. रात्री एका ओळीचं उत्तर आलं: "मग ती वाडी अजून आहे का?"