टिळा लावलेला बुलबुल

सह्याद्री म्हणजे पावसाळा, असं आपण ठरवूनच टाकलंय. जुलैतल्या शनिवार-रविवारी नाणेघाटाच्या रस्त्यावर गाड्यांची ही रांग लागते आणि धबधब्याखाली उभं राहून फोटो काढले की सह्याद्री पाहून झाला. मी मात्र या वर्षी पाडव्याच्या आदल्या आठवड्यात जुन्नरहून घाटघरच्या एसटीत बसलो. गाडीत मोजून नऊ माणसं. कंडक्टरने "कुठं?" असं विचारलंच नाही, "कोणाकडे?" असं विचारलं. या दिवसांत पाहुणा सोडून कोण येणार?

मी खरंच पाहुणा होतो. मित्राच्या आत्याबाई तिथे राहतात. खिडकीतून माणिकडोह धरणाचं पाणी आटत आटत खाली गेलेलं दिसत होतं, डोंगर वाळून पिंगट झाले होते. पहिल्या नजरेला सगळं भकास वाटतं. मग एखादं वळण येतं आणि त्या पिंगट अंगावर पांगारा दिसतो. पान नावालाही नाही, नुसता लाल. खाली उतारावर पळस. पळसाला पानं तीनच म्हणतात, या दिवसांत तीही नसतात. फूल हातात घेऊन पाहिलं तर अगदी पोपटाची वाकडी चोच. संस्कृतातल्या जुन्या लोकांनाही तेच वाटलं असणार, म्हणून तर ते याला 'किंशुक' म्हणाले. म्हणजे, हा पोपट की काय?

आत्याबाईंच्या परड्यात पांगाऱ्याचं एक काटेरी झाड आहे. दुसऱ्या दिवशी उजाडताच वही-दुर्बीण घेऊन मी ओट्यावर बसलो. आधी कोतवाल आले. कोतवाल जिथे जातो तिथे आधी भांडतो, मग खातो. मागोमाग साळुंक्या आल्या. सूर्यपक्षी एवढासा, पण झाडाचा मालक असल्यासारखा सगळ्यांच्या अंगावर धावून जात होता. आणि मग एक बुलबुल आला, त्याच्या कपाळावर ठसठशीत पिवळा टिळा. बुलबुलाला टिळा? मी पुस्तक चाळलं. सह्याद्रीतले सगळे बुलबुल पाहिले, टिळेवाला कुठेच नाही. छाती धडधडायला लागली. वहीत तारीख-वेळ लिहिली, चित्रही काढलं. (माझं चित्र पाहून तो बुलबुल आहे हेसुद्धा कुणाला कळलं नसतं, ते सोडा.)

अर्ध्या तासाने त्याच झाडावरची एक साळुंकी टिळा लावून बसलेली दिसली. मग एक कोतवाल. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मध प्यायला फुलात डोकं घातलं की पुढे आलेले पुंकेसर थेट कपाळाला पुसले जातात. ते पराग होते. पाखरू पुढच्या झाडावर जातं, तिथल्या फुलात डोकं घालतं आणि झाडाचं काम होऊन जातं. पाखरांना लाल रंग लांबूनही दिसतो, तेव्हा वासाची फारशी गरज नाही. पांगाऱ्याचं फूल नाकाशी धरून पाहा, जवळजवळ काहीच येत नाही. शेजारच्या करवंदीच्या जाळीला मात्र मोगऱ्यासारखा घमघमाट होता. तिचं गिऱ्हाईक वेगळं.

मी मान वर करून झाडाभोवती फिरत होतो तेव्हा आत्याबाई डोक्यावर हंडा घेऊन आल्या. "काय हरावलंय का रे?"

"नाही आत्या, पाखरं बघतोय."

"मग त्याला नळकांडं कशाला? हितं काय थोडी पाखरं हायेत?"

त्यांचं गणित साधं आहे. काही दिवसांनी हिरडा सुरू होईल. फळ आतून टणक व्हायच्या आत हिरवं असतानाच काढायचं, अंगणात वाळवायचं, काळं पडलं की तो बाळहिरडा. त्याचे पैसे येतात, म्हणून हिरड्याच्या मोहराकडे त्यांचं बारीक लक्ष. पांगाऱ्याकडे नाही. पावशाची मात्र त्या वाट पाहतात. तो "पेरते व्हा" म्हणायला लागला की पुढचा हिशेब सुरू.

दुपारी शेजारच्यांनी राब पेटवला. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात ती. शेण, टहाळ्या, पालापाचोळा, वरून माती, आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन काडी. धूर वर चढला आणि सकाळचे ते भांडखोर कोतवाल तिथे हजर! जाळाच्या कडेने जीव वाचवून उडणारा प्रत्येक किडा ते हवेतच उचलत होते. मागून गायबगळे आले, पण ते आपले रांगेत, लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे. राखणीला बसलेला पोरगा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हता. मी मात्र धुराने डोळे चोळत तासभर तिथेच.

संध्याकाळी वानरलिंगीच्या सुळक्याभोवती पाकोळ्या फिरायला लागल्या. मी दुर्बीण लावून ओट्यावर बसलो होतो. आत्याबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "बघू," म्हणाल्या. मला बरं वाटलं. एवढ्या पाखरांत राहून शेवटी यांनाही पाहावंसं वाटलंच. मी पट्टा त्यांच्या गळ्यात घातला, चाक कसं फिरवायचं ते दाखवलं, सुळक्याकडे बोट केलं.

त्यांनी सुळक्याकडे पाठ फिरवली आणि दुर्बीण समोरच्या माळावर लावली. बराच वेळ इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग एकदम ओरडल्या, "ती बघ! तांबडी! कवाची वरडतीय मी, आन् ही भवानी त्या आंब्याखाली बसलीय."

गाय आणायला गेल्या त्या दुर्बीण गळ्यात घालूनच. ती मला मिळाली तेव्हा पूर्ण अंधार पडला होता.