इतर हक्कातल्या बहिणी

महिला दिनाला बाईने समानतेवर भाषण केलं तर घरचेच कौतुकाने व्हिडिओ काढतात. तीच बाई वडिलांच्या पश्चात हक्कसोडपत्रावर सही करणार नाही म्हणाली, की रातोरात 'स्त्रीवादी' ठरते. 'शिकून शेफारली', 'जावयाने फूस लावली' हे ओघाने आलंच. माझ्या मते आपल्याकडे हे बिरूद विचारांपेक्षा सातबाऱ्यावरून जास्त चिकटतं. म्हणून तर हिस्सा मागायचा असला तरी बाई आधी सांगून टाकते, 'मी काही स्त्रीवादी नाही हं!'

वास्तविक यात बंड कसलं? हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि विवाहित असो वा अविवाहित, मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहदायक, म्हणजे मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

खरी मेख कागदात असते. वारस नोंदीत भावांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे सातबाऱ्यावरच्या मालकाच्या रकान्यात लागतात आणि बहिणींची 'इतर हक्क' रकान्यात जातात. त्याने हिस्सा बुडत नाही. पण पुढे कर्ज, विक्री, भूसंपादनाचा मोबदला यांत त्यांना कोणी विचारत नाही. दुसरी युक्ती दिवसकार्याच्या गडबडीत होते. 'वारस लावायला सही हवी' म्हणून बहिणीला दुय्यम निबंधक कार्यालयात नेतात. वारस नोंदीचं काम तलाठ्याकडे होतं, त्यासाठी निबंधकाकडे जावंच लागत नाही! फोटो आणि अंगठा घेत असतील तर तो नोंदणीचा दस्त आहे, वाचल्याशिवाय सही करू नये. साध्या किंवा नोटरी केलेल्या कागदाने जमिनीतला हक्क सुटत नाही, त्याला नोंदणी लागते. नोंदणी झाली की मात्र फसवणूक सिद्ध करायला दिवाणी न्यायालय गाठावं लागतं.

भावाला खुशीने द्यायचं असेल तर जरूर द्यावं. पण आधी स्वतःचं नाव कब्जेदार सदरी लावून घ्यावं, मग सोडावं. साडीचोळीवर बोळवण आणि दान यांतला फरक त्याने निदान कागदावर तरी राहतो.

फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोटीस आली आणि नोंद चुकीची वाटली, तर पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्यावी. मग नोंद तक्रारी होते आणि सुनावणी लागते. तोंडी सांगून भागत नाही. अर्जाची पोच घ्यावी.