खानापूरच्या माणसाला समुद्रातले राक्षस कशाला?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या रानात राहून समुद्रातल्या राक्षसांच्या गोष्टी का गोळा करता, आणि त्या खऱ्या मानता का, असं मला नेहमी विचारतात.

समुद्र आमच्याकडे नाही, पण पाणी त्याच्याकडेच जातं. कणकुंबीची मलप्रभा कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. भीमगडच्या रानातली म्हादई मांडवी होऊन गोव्याचा समुद्र गाठते. डोहात साती आसरा असतात, ‘भर दुपारी एकटं उतरू नको की रे’, हे ऐकतच आम्ही वाढलो. त्यामुळं कोळ्यांच्या गोष्टी मला कधी परक्या वाटल्या नाहीत.

आता खरं-खोटं. नॉर्वेच्या कोळ्यांचा क्राकेन म्हणजे बेटाएवढं, असंख्य हातांचं धूड. बर्गेनचे बिशप एरिक पोंटोपिडान यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात त्याची हकीकत लिहिली. त्यात कोळ्यांचं म्हणणं असं: ऐंशी-शंभर वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोल जागी तळ अचानक वीस-तीस वावांवर लागला आणि मासळी भरमसाट मिळू लागली, की खाली क्राकेन समजावा, तळ आणखी वर येऊ लागला, तर होडी वल्हवत दूर न्यावी. भ्यालेला माणूस इतकं मोजून सांगत नाही. ही रोज पाण्यात दोर सोडणाऱ्याची नजर आहे.

या क्राकेनमागं बहुधा महाकाय माकूळ, म्हणजे जायंट स्क्विड, असावा. १८५७ मध्ये डेन्मार्कचे शास्त्रज्ञ यापेटस स्टेनस्ट्रुप यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. जिवंत माकूळाचे खोल समुद्रातले पहिले फोटो मात्र २००४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना मिळाले, सुमारे ९०० मीटर खोलीवर. बेटाएवढा नव्हे, पण बारा-तेरा मीटरपर्यंत वाढणारा.

सगळंच मी खरं मानत नाही. खोल समुद्रातला लांबलचक ओअरफिश मासा वर आला की भूकंप होतो, ही जपानी समजूत २०१९ च्या अभ्यासात टिकली नाही. मासा खरा, भाकीत नाही. अशी निवड प्रत्येक गोष्टीत करावी लागते, आणि मला तेच काम आवडतं.

आपल्या कोकणातही जाळ्यात कधी बहिरी, म्हणजे व्हेल शार्क, सापडतो. जगातला सर्वांत मोठा मासा, आणि खातो मुख्यतः प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. २००१ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. जाळं कापून त्याला सोडणाऱ्या कोळ्याला महाराष्ट्रात नुकसानभरपाई मिळते.

म्हणून मालवणला रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे कोळी, भेटले, की ‘खरं का हो?’ असं मी विचारत नाही. महिना कुठला, वारा कुठला, पाणी किती वाव, एवढं विचारतो. ते लगेच सांगू लागतात.