दुधाकडे लक्ष

पाय मुरगळला तो आमच्याच जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. गड उतरताना मुरगळला असता तर चारचौघांत सांगायला तरी बरं पडलं असतं. मंडळी पहाटेच राजमाचीला गेली आणि दुपारी मी गॅलरीत, पाय स्टुलावर, समोर शेजाऱ्यांच्या ओल्या चादरी. गडावर फोनला रेंज नसावी, एकाचाही फोटो येईना. मग मीच त्यांना चालवायला लागलो. आता ओढा लागला असेल, आता एकाची चप्पल तुटली असेल (तुटावी, अशी इच्छा होती), आता पिठलं-भाकरी सांगायला कुणी पुढे गेलं असेल.

आणि इंग्रज कवी कोलरिज आठवला.

जुलै १७९७. सॉमरसेटमधल्या नेदर स्टोवीत त्याच्याकडे कवी वर्ड्सवर्थ, त्याची बहीण डोरोथी आणि लंडनहून मित्र चार्ल्स लॅम आलेले. अशात बायकोच्या, साराच्या हातून उकळतं दूध ह्याच्या पायावर सांडलं. पाहुणे फिरायला गेले आणि हा टॉम पूल नावाच्या मित्राच्या बागेत झाडाखाली. 'धिस लाइम-ट्री बॉवर माय प्रिझन' (लाइमच्या झाडाचा हा मांडव, माझा तुरुंग) ही कविता त्या बसण्यातली. सुरुवातीला नुसती कुरकुर. हे मित्र पुन्हा कधी भेटतील न भेटतील, म्हणतो. अहो, फिरायला गेलेत, परत येतील! पण कुरकुरता कुरकुरता तो त्यांच्या मागोमाग निघतो. ऊन जेमतेम पोचतं अशी अरुंद घळ, धबधब्याच्या वाऱ्याने हलणारी चार पिवळी पानं, मग एकदम मोकळं आकाश आणि लांबवर समुद्र. एवढं हिंडून झाल्यावर त्याला आपण बसलोय ते झाडही दिसतं. पानांवरचं ऊन, घेवड्याच्या फुलात गुणगुणणारा एकटा भुंगा.

लाइम म्हणजे लिंबू, असं मी कॉलेजात धरून चाललो होतो. कित्येक वर्षं माझा कोलरिज काटे चुकवत लिंबाच्या झाडाखाली बसला. ते तिकडचं लिंडन, पिंपळासारख्या पानांचं, हे फार उशिरा कळलं. तरी कवितेला येणारा लिंबाचा वास काही गेला नाही. मी तो घालवायचा प्रयत्नही सोडून दिलाय.

खरी गंमत लॅमची. कवितेत तो शहरात कोंडलेला, निसर्गासाठी झुरणारा जीव. प्रत्यक्षात ईस्ट इंडिया कंपनीतला कारकून, लंडनच्या गर्दीवर जीव जडलेला. आयुष्यात डोंगर नाही दिसला तरी चालेल, असं त्याने पुढे वर्ड्सवर्थला कळवलं. आणि कोलरिजला बजावलं, कवितेत मला 'कोमल हृदयाचा' म्हणून माझं हसं करू नकोस. दुसऱ्याला आपल्या स्वप्नात फिरवून आणताना त्याला विचारायचं असतं, हे कवींच्या लक्षात येत नाही.

कवितेच्या वर छापलेल्या टिपेत नुसता 'अपघात' आहे. दूध सापडतं ते कोलरिजच्या पत्रात.

आमच्याकडे दूध माझ्यामुळे उतू जायचं. "दुधाकडे बघ," सांगून आई कपडे वाळत घालायला जायची. ओट्यासमोर खिडकी, खिडकीबाहेर शेजारच्यांची कौलं, कौलांवर पावसाळी शेवाळ. त्या शेवाळाचं मी अरण्य करायचो. पन्हळीची नदी. मुंग्यांचं सैन्य नदी ओलांडून पैलतीराला लागतंय न लागतंय तोच मागे चर्र... आणि तो करपट वास. आई धावत यायची, पदराने पातेलं उतरवायची. "लक्ष कुठे होतं तुझं?" कुठे होतं ते धड सांगता आलं असतं तर आज मीही बागेत बसून कविता लिहिली असती.

साराच्या घरात त्या दिवशी वर्षाच्या आतलं पोर, मुक्कामाला पाहुणे, भाजलेला नवरा. जमिनीवरचं दूध कुणी पुसलं?

आमच्याकडचं आई पुसायची. बर्नर पुसून झाला की फडकं हातात तसंच धरून कधी कधी त्या खिडकीशी थांबायची. बराच वेळ. तिला तिथे काय दिसायचं, मी कधी विचारलं नाही.

संध्याकाळी फोन केला आणि विचारलं.

"कुठली खिडकी?" आई म्हणाली. "आंबेहळद गरम करून लावलीस का पायाला?"