लिटर म्हणजे 10 सेंटीमीटरचा डबा, बाकी सगळं त्यातूनच येतं

मेट्रिकमधलं आकारमान पाठ करायची गोष्टच नाहीये असं माझं ठाम मत आहे, कारण त्यात लांबीशिवाय नवीन काही नाहीच. आतून 10 सेंमी लांब, 10 सेंमी रुंद आणि 10 सेंमी उंच असा डबा घ्या, त्यात जेवढं मावतं ते 1 लिटर. संपलं. 10 गुणिले 10 गुणिले 10 म्हणजे 1000 घन सेंमी, आणि लिटरचे मिलिलिटरही 1000च, म्हणून 1 मिली म्हणजेच 1 घन सेंमी. सिरिंजवरचा सीसी हाच आणि इंजिनाचा सीसीपण हाच.

गाडी अडते ती घनमीटरला. 1 मीटर म्हणजे 100 सेंमी, मग 1 घनमीटर म्हणजे 100 घन सेंमी असं हात आपोआप लिहून मोकळा होतो, पण इथे 100 ने तीनदा गुणायचंय, उत्तर येतं थेट 10 लाख. लिटरमध्ये 1000. म्हणजे कंबरेइतक्या उंचीची साधी चौकोनी टाकी, बाजू फक्त 1 मीटर, आणि पाणी भरलं की जवळपास 1 टन! बाजू दुप्पट केली तर आठपट पाणी मावतं, हे गणितात कळतं पण डोळ्यांना काही केल्या पटत नाही.

बाय द वे, हे मिली आणि घन सेंमीचं मध्ये एकदा फाटलं होतं. 1901 मध्ये लिटरची व्याख्या पाण्यावरून केली, म्हणजे 1 किलो शुद्ध पाणी, घनता सगळ्यात जास्त असते त्या तापमानाला (साधारण 4 अंश), सामान्य वातावरणीय दाबाखाली, जेवढी जागा घेतं तेवढा लिटर. नंतर बारकाईने मोजलं तर तो निघाला 1000.028 घन सेंमी! फरक चिमूटभर, पण अचूक काम करणाऱ्यांना डोकेदुखी, शेवटी 1964 मध्ये ती व्याख्या रद्द करून लिटर पुन्हा डब्यावर आणला. बरंच झालं.

आता मोजण्याकडे येते. मोजपात्रातलं पाणी काचेला चिकटून कडेने किंचित वर चढतं, त्यामुळे वरचा पृष्ठभाग सपाट नसतो, मधे खोलगट दिसतो, त्याला मेनिस्कस म्हणतात. वाचायचा तो खोलगटाचा तळ, आणि तोही पात्र सपाट जागेवर ठेवून आपण वाकून, डोळा बरोब्बर त्या रेषेत आणून. पात्र हातात उचलून डोळ्यासमोर धरायचं नाही, ते तिरकं होतंच. वरून बघितलं तर आकडा जास्त दिसतो, खालून बघितलं तर कमी. पाऱ्याचं उलटं, तो मधे फुगतो म्हणून त्याचा माथा वाचायचा. आणि 5 मिली मोजायला 100 मिलीचं मोठं पात्र घेऊ नका प्लीज, त्यावर रेघा 1-1 मिलीच्या असतात, अर्धी रेघ इकडेतिकडे झाली की 10 टक्के चूक तिथेच.

घन वस्तू चौकोनी असेल तर पट्टी घ्या आणि तीन बाजू गुणा. खरी मजा वेड्यावाकड्या दगडाची. पात्रात 50 मिली पाणी, दगड दोऱ्याला बांधून हळूच सोडायचा (धपकन टाकला तर पाणी उडतं नाहीतर तळ तडकतो), पाणी 63 वर गेलं तर दगड 13 घन सेंमी. दगडाला बुडबुडे चिकटलेत का बघा, असतील तर पात्राला टिचक्या मारा, कारण बुडबुड्यांची जागापण आपण दगडाच्या नावावर टाकत असतो. तरंगणारं बूच असेल तर त्याला वजन बांधायचं, पण ते वजन आधीच बुडवून पाण्याची पातळी वाचून ठेवायची. छोटे छर्रे असतील तर एकेक मोजत बसू नका, 50 एकदम टाका आणि भागा.

वाळूचं मात्र वेगळंच. कोरडी वाळू 50 मिलीच्या रेघेपर्यंत भरली तरी त्यात कणांच्या मधली हवापण आली. तीच वाळू 50 मिली पाण्यात ओता, 100 होत नाहीत, 80च्या आसपास येतं, कारण पाणी त्या फटींमध्ये शिरतं. म्हणून पीठ, पावडर असलं काही मिलीत मोजायचं म्हणजे हलवून दाबलंय की नुसतं भुरभुरलंय यावर आकडा ठरतो, मी तर सरळ वजनच करते. आणि फटी दिसत नाहीत तिथेपण हा प्रकार होतो, 50 मिली शुद्ध इथेनॉल आणि 50 मिली पाणी मिसळा, होतात साधारण 96-97 मिली. सांडलेलं काही नसतं, रेणूच एकमेकांना खेटून बसतात. वजन केलं तर ग्रॅमचा हिशोब मात्र पक्का जुळतो.