पांढऱ्या पाटीची गाडी

त्या दुपारी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात माझी सगळी उलटतपासणी एका कागदाभोवती फिरणार होती. तो कागद फाइलमध्ये नव्हता.

अशील सुदामा नगरचा, 23 वर्षांचा. मावसभावाची गाडी घेऊन मित्राबरोबर मंदसौरला गेलेला. परतताना रात्री साडेनऊला रस्त्याकडेला उभ्या गाडीत डोडाचुऱ्याची, म्हणजे अफूच्या वाळक्या बोंडांच्या चुऱ्याची, 2 पोती सापडली, 56 किलो. 50 किलोच्या वर म्हणजे व्यावसायिक मात्रा; शिक्षा किमान 10 वर्षं, आणि अमली पदार्थ कायद्याच्या कलम 37 मुळे जामीन मिळणं महाकठीण. दीड वर्ष पोरगा आत होता. त्याची आई दर तारखेला विचारायची, "ताई, वॉरंट नव्हतं ना त्यांच्याकडे? मग गाडी उघडलीच कशी?"

काकू, वॉरंट लागत नाही, हे मी त्यांना दर वेळी सांगायचे. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम 42 अधिकाऱ्याला ती मुभा देतं. पण खबर मिळाली की लिहून काढायची, 72 तासांत तिची प्रत वरिष्ठाकडे पाठवायची. सूर्यास्तानंतर झडती असेल, तर वॉरंट आणेपर्यंत माल किंवा माणूस निसटेल असं का वाटलं, तेही आधी लिहायचं. मॅजिस्ट्रेटच्या सहीच्या जागी कायद्यानं हे लिखाण ठेवलंय. तेही नसेल, तर रात्री रस्त्यावर अडवलेल्या माणसाच्या हातात काय राहिलं?

तपास अधिकारी साक्षीला उभे राहिले. खबर किती वाजता मिळाली? साडेसातला. ठाण्याच्या रोजनामच्यात काय लिहिलं? 'गस्तीवर रवाना', एवढंच. वरिष्ठांना? फोनवर सांगितलं. झडतीआधी कारण लिहिलं? ते शांतपणे म्हणाले, गरज नव्हती, जागा सार्वजनिक होती.

या उत्तरासाठीच मी थांबले होते. सार्वजनिक जागी कलम 43 लागतं, तिथे हे लिखाण लागत नाही. सार्वजनिक वाहनही त्यात येतं, पण घरची गाडी नाही. त्यांच्याच दोषारोपपत्राला जोडलेलं नोंदणी प्रमाणपत्र मी पुढे केलं. टॅक्सी आहे का? नाही. नंबर प्लेट? पांढरी. नोंद? खासगी. हे तिन्ही जबाब टाइप होताना मी श्वास रोखून ऐकत होते.

युक्तिवादासाठी सर्वोच्च न्यायालयाचा 2021 चा बूटा सिंग निकाल तयार होता. त्यातही रस्त्यावर उभी खासगी जीप आणि डोडाचुराच. न्यायमूर्ती उदय लळीत आणि के. एम. जोसेफ यांनी ती जीप सार्वजनिक वाहन मानली नाही. कलम 42 अजिबात पाळलं नाही म्हणून आरोपी सुटले. 2009 च्या कर्नैल सिंग निकालात घटनापीठानं उशिराला सवलत दिली आहे, कारण पटलं तर. मुळीच न पाळण्याला नाही.

साक्ष संपवून जाताना अधिकारी मला म्हणाले, "माल तो था ना, मॅडम." होता. पोती कुणाची, हे मलाही ठाऊक नाही, आणि तो प्रश्न मला झोपू देत नाही. पण लिहायला दोन तास होते त्यांच्याकडे, साडेसात ते साडेनऊ.

बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. "सापडला का तो कागद?"

"नाही, काकू."

त्यांचा चेहरा पडला. मी शेजारी बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.